चौथी 'ब'ची सतरा दिवसांची हजेरी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, शिक्षण मंडळाचे सन्माननीय सभापती पंढरीशेठ तरे. प्रमुख पाहुण्या, आपल्या प्रशासन अधिकारी मृणाली देशमाने मॅडम. व्यासपीठावर असूनही खुर्ची मागे ओढून बसलेल्या, आणि आज तरी पुढे बसा असं तीनदा सांगून न ऐकलेल्या आपल्या सत्कारमूर्ती जानकीबाई वेखंडे. माझे सहकारी शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी. आणि आज शुक्रवार, कारखाने बंद, म्हणून आठवड्यात एकदाच मिळणारी झोप मोडून इथवर आलेल्या पालकांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी चांगदेव केणे. या शाळेचा मुख्याध्यापक. राहणार कशेळी. तिथून निघालो तो मानकोलीच्या नाक्यावर पाऊण तास कंटेनरच्या मागे उभा होतो आणि आपल्याच शाळेच्या कार्यक्रमाला उशिरा पोचलो. त्याबद्दल पहिल्यांदा दिलगिरी व्यक्त करतो.

या शाळेतल्या एकतीस वर्षांत मी अठरा निरोप समारंभ पाहिले. अकरांत बोललो. दरवेळी तीच शाल, तेच श्रीफळ, आणि 'यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीच भरून निघणार नाही' हे तेच वाक्य. पुढच्या महिन्यात त्या पोकळीत दुसरी खुर्ची लागते आणि खिचडीच्या तांदळाची चिंता पुन्हा सुरू होते. मला आता ते वाक्य उच्चारवत नाही. खरं सांगायचं तर मी थकलो आहे. बाई निवृत्त होताहेत आणि थकलो मी आहे, हा विनोदच आहे, पण तो माझ्यावरच आहे.

माझ्या खिशात एक कागद आहे. तो आज कार्यालय बंद व्हायच्या आत देशमाने मॅडमच्या हातात द्यायचा आहे. आज एकतीस ऑगस्ट, बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी बाईंचं सेवापुस्तक बंद होईल आणि त्यात जे लिहिलंय ते तसंच कायम राहील. त्यात एक ओळ खोटी आहे. कशी, ते सांगायला मी उभा आहे. अध्यक्षमहाराजांनी दहा मिनिटं दिली आहेत, थोडी जास्त लागतील.

मघाशी सभापतींनी आपल्या भाषणात एका गोष्टीचं फार कौतुक केलं. म्हणाले, या शाळेतली हजेरीची शिस्त जिल्ह्यात दाखवण्यासारखी आहे. नाव पुकारलं की मूल उठून उभं राहतं, बाई मान वर करून त्याच्याकडे बघतात, मग खूण करतात आणि मग पुढचं नाव घेतात. पासष्ट पोरांच्या वर्गाला वीस मिनिटं लागतात. पूर्वी तपासणीला येणारे साहेब विचारायचे, एवढा वेळ वाया कशाला घालवता? आता कौतुक करतात. पंढरीशेठ, राग मानू नका, पण ती शिस्त नाही. ती माझ्या एका चुकीची दुरुस्ती आहे, आणि बाई ती सहा वर्षं रोज सकाळी करत आल्या.

आपल्या शाळेत येणारी मुलं कोण, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगावं? कुणाचा बाप तेलंगणातून आला, कुणाचा आझमगडहून, कुणाचा गुलबर्ग्याकडून. पॉवरलूम चालवायला आले आणि राहिले. पोरं मराठी शाळेत घातली, कारण ती जवळ होती. शाळेतून गेलं की कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यातली ती सुताची नळी, ती भरत बसायचं. वर्गात आली की ओरडूनच बोलतात. मी तीस वर्षं 'हळू बोला, हळू बोला' करत घसा बसवून घेतला. बाई कधी म्हणाल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सर, घरात दिवसरात्र खटखट. हळू बोललं तर त्यांच्या आईला तरी ऐकू जाईल का?" एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

बाई मुरबाडकडच्या. घरात शेती, बोलणं रोखठोक. पण या शाळेतल्या वीस वर्षांत पोरांकडून तेलुगू शिकल्या, मोडकंतोडकं. भोजपुरीत रागवायला शिकल्या. मुलूकला गेलेलं पोर परत येईल की नाही, हे त्या त्याच्या दप्तरावरून सांगायच्या. दप्तर घरी ठेवून गेलं असेल तर येणार, घेऊन गेलं असेल तर पाटी पुसा. त्यांच्या हाताखालचा एक मुलगा आज धामणकर नाक्यावर स्वतःचं औषधांचं दुकान चालवतो. एक जण अजून लूमवरच आहे, पण तो जिथे जेवतो त्या बिस्सीतल्या, म्हणजे खाणावळीतल्या, चाळीस माणसांना पगाराची, दवाखान्याची, पोलिसांची प्रत्येक मराठी चिठ्ठी तोच वाचून दाखवतो. बाईंना विचारलं, तुमचा यशस्वी विद्यार्थी कोण, तर त्या दुसऱ्याचं नाव सांगतात.

आता दोन हजार एक सालाकडे येतो. इथून पुढे माझी वाक्यं जरा अडखळतील, सांभाळून घ्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत जनगणना होती. बाईंना त्या कामाला नेमलं. वीस दिवस दारोदार फिरून माणसं मोजायची. त्यांची चौथी 'ब' माझ्याकडे आली. माझा सातवीचा वर्ग होताच. दोन्ही वर्ग मिळून सव्वाशे पोरं मी एका हॉलमध्ये बसवली. हजेरी घेताना माझी मान खाली, पटावर. नाव घ्यायचं, आवाज आला की खूण करायची. आपण बहुतेक सगळे तशीच घेतो. घेत होतो.

त्या वर्गात जानेवारीत एक मुलगी नवी आली होती. येमूल स्वरूपा. गावाकडून नुकतीच आणलेली, मराठीचा एक शब्द येत नव्हता. बाकीची तेलुगू मुलं भिवंडीतच वाढलेली, ती 'हजर' म्हणायची. हिला बाईंनी सांगितलं होतं, तुला येतं त्या भाषेत सांग, घाई नाही. मला हे ठाऊक नव्हतं. ती बसायची अगदी मागे, नकाशांच्या कपाटाआड. लूमच्या घरातली असूनही तिचा आवाज बारीक होता, कारण लूमच्या घरात येऊन तिला महिनाच झाला होता.

मी नाव घ्यायचो, येमूल स्वरूपा. मागून आवाज यायचा, "उन्ना".

मंडळी, मी कशेळीचा आगरी. आमच्या घरी आम्ही सात भावंडं. जेवायला बसलो की आई पोरं मोजायची आणि म्हणायची, "यक उना हाय रं, बगा कुठं गेला." शाळेत शिकलो तेव्हा कळलं की पुस्तकात त्याला 'उणा' म्हणतात. पण कानात बसलं ते आईचंच. उना म्हणजे कमी. उना म्हणजे नाही आला.

मागून आवाज आला, उन्ना. मला वाटलं, शेजारची कुणी पोर सांगतेय, ती कमी आहे, आलेली नाही. मी गैरहजेरीची खूण केली. दुसऱ्या दिवशी केली. सतरा दिवस केली. एकदाही मान वर केली नाही.

नियमाप्रमाणे कार्यालयातून छापील नोटीस निघाली. 'आपली पाल्य सतत गैरहजर असल्याने तिचे नाव पटावरून कमी का करण्यात येऊ नये?' खाली शिक्का. आपले शिपाई लडकूमामा ती घेऊन गेले. घरी कुणी नव्हतं म्हणून सरळ कारखान्यात जाऊन बापाच्या हातात दिली. तिथे कुणा मराठी येणाऱ्या माणसाने वाचून अर्थ सांगितला.

विचार करा. मुलगी रोज सकाळी दप्तर घेऊन घरातून निघते. दुपारी परत येते. आणि कागद सांगतो की ती सतरा दिवस शाळेत नव्हती. मग ती होती कुठे? दहा वर्षांची मुलगी, परकं शहर, बाजूने ट्रक. बापाने विचारलं. ती म्हणाली, शाळेत होते. बापाने पुन्हा विचारलं. कसं विचारलं असेल ते मी सांगत बसत नाही. ती तेच म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला तिच्या मामाबरोबर मुलूकला पाठवून दिलं. शाळा संपली.

मोजणीचे कागद जमा करून मार्चच्या पाच तारखेला बाई परत आल्या. पट उघडला, बघितला आणि तशाच चपला घालून पद्मानगरात स्वरूपाच्या घरी गेल्या. तिचे वडील राजेशमभाई दारात होते. ते म्हणाले, "कागद पे सिक्का था, बाई. सिक्का झूट बोलता क्या?" सरकारी शाळेचा शिक्का आणि दहा वर्षांची पोर यांत त्यांनी शिक्क्यावर विश्वास ठेवला. आपणच त्यांना तसं शिकवलं आहे.

बाई तिथून आल्या त्या माझ्याकडे. मी डबा खात होतो. म्हणाल्या, "केणे सर, स्वरूपाचं नाव घेतल्यावर काय ऐकू यायचं हो तुम्हाला?"

मी म्हटलं, "ती नव्हतीच ना. मागून पोरी सांगायच्या, उना."

बाई समोरच्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "सर, तेलुगूत उन्ना म्हणजे 'आहे'. मी आहे. ती पोर रोज तुम्हाला सांगत होती, आहे म्हणून."

माझा घास हातातच राहिला. आजही कधी कधी डबा उघडला की आठवतं.

बाईंनी लाल शाई घेतली आणि पटावरच्या सतरा खुणा एकेक करून दुरुस्त केल्या. प्रत्येक खुणेशेजारी सही. खाली लिहिलं, 'विद्यार्थिनी सदर सर्व दिवशी हजर होती. हजेरी घेण्यात चूक झाली.' ते पान घेऊन त्या पुन्हा पद्मानगरात गेल्या आणि राजेशमभाईंना बोट ठेवून वाचून दाखवलं. आपकी बेटी सच बोलती थी. भाई रडले, असं लडकूमामा सांगतात. मामा दाराबाहेर उभे होते. मी तिथे नव्हतो. मी असायला हवं होतं.

मार्चअखेर तपासणी झाली. हजेरीपत्रकात खाडाखोड, तीही सतरा ठिकाणी. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? मी त्या खोलीत होतो. बाईंच्या खुर्चीच्या मागे भिंतीला टेकून उभा होतो. बाई म्हणाल्या, "पट माझ्या नावावर आहे. वर्गशिक्षिका मी."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, बाई, हे काय केलंत? त्या वैतागल्या. म्हणाल्या, "तुमचं नाव सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, दोन वर्ग एका माणसाला दिले कुणी? मग चौकशी, मग जबाब. सगळी शाळा त्यात अडकली असती आणि पोरगी राहिली असती तिकडेच. आधी पोरगी आणू. तुमचं-माझं मागाहून बघू."

मागाहून बघू. मंडळी, मीही मनात तेच म्हटलं. मागाहून सांगू. पोरगी आली की सांगू. पोरगी जूनमध्ये आली, बाईंनी पत्रांवर पत्रं पाठवून, राजेशमभाईंच्या मागे लागून आणली. मी म्हटलं, आता ती रुळू दे, मग सांगू. आणि तेवढ्यात बाईंच्या सेवापुस्तकात शेरा आला. 'हजेरीपत्रकात खाडाखोड, कर्तव्यात हयगय. सक्त ताकीद देण्यात आली.' दोन वर्षांनी मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. यादीत बाई माझ्या वर. शेऱ्यामुळे त्यांचं नाव बाजूला पडलं आणि खालचं नाव वर सरकलं. खालचं नाव माझं होतं. त्या दिवशी बाईंनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

स्वरूपा आली खरी, पुन्हा चौथीतच बसली, पण हजेरीला ती तोंड उघडेना. तिला 'हजर' शब्द शिकवून झाला होता. तरी नाव घेतलं की उठून उभी राहायची आणि बाईंकडे बघत राहायची. बाईंनी बघितलं, मान हलवली, की मगच बसायची. तिला वाटायचं, आवाजाचं काही खरं नाही, आपण दिसलो पाहिजे. पोरं हसायला लागली. तेव्हा बाईंनी एका सकाळी जाहीर केलं, उद्यापासून सगळ्यांनी उभं राहायचं. मग दुसऱ्या वर्गांनी ते उचललं. आता अख्खी शाळा तसं करते. पंढरीशेठ, ही आपल्या शिस्तीची हकीगत.

बाई मान हलवून नको म्हणताहेत. मला दिसतंय. बाई, मी आयुष्यभर तुमचं ऐकलं ते माझ्या सोयीचं होतं म्हणून. आज जरा ऐकणार नाही.

गेल्या आठवड्यात मी स्वरूपाला भेटलो. ती आता दहावीत आहे. आज सभागृहात आहे, कुठे बसलीय ते मी सांगणार नाही. मी तिला म्हटलं, बाळ, तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती हजेरी बाईंनी घेतली नव्हती. ती म्हणाली, "सर, मला माहितेय. मी तिथंच होते ना." सहा वर्षं ही मुलगी जाता-येता मला नमस्कार करत होती.

मग तिने मला एक सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. तिचे वडील बाईंशी बोलत नाहीत. वाटेत दिसल्या तर रस्ता बदलतात. कारण बाईंनी तेव्हा पान वाचून दाखवताना सांगितलं होतं, चूक आमची. आमची म्हणजे बाईंचीच, असं त्यांनी धरलं. हिच्यामुळे मी माझ्या पोरीला मारलं, ही एक गोष्ट त्या माणसाने मनात ठेवली. आणि बाई साडेसहा वर्षं त्या रस्त्याने जात राहिल्या, एका शब्दाने काही न बोलता. मी स्वरूपाला विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, "माफी नको, सर. नायनांना, माझ्या वडिलांना सांगा. सगळ्यांसमोर सांगा. कागद सगळ्यांसमोर आला होता."

देशमाने मॅडम, हा तो अर्ज. मी दोनच ओळी वाचतो. 'दिनांक नऊ ते अठ्ठावीस फेब्रुवारी दोन हजार एक या काळात चौथी ब वर्गाची हजेरी मी स्वतः घेतली असून त्यातील चूक सर्वस्वी माझी आहे. श्रीमती वेखंडे यांच्या सेवापुस्तकातील शेरा रद्द करून तो माझ्या सेवापुस्तकात घ्यावा व माझ्या पदोन्नतीबाबत योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती.' सही केली आहे. लडकूमामा, एवढा मॅडमना द्या. मॅडम, पोच आजच्या तारखेची हवी. धन्यवाद.

आता दोन वाक्यं हिंदीत बोलतो, अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून.

राजेशमभाई, आप पीछे बैठे हो, मुझे मालूम है. वो हाजरी बाई ने नहीं ली थी. मैंने ली थी. आपकी बच्ची रोज बोलती थी, मैं समझा नहीं, और मैंने सर उठाके देखा भी नहीं. बाई ने मेरी गलती अपने नाम पे लिख ली. आप इतने साल गलत आदमी पे गुस्सा रहे.

थांबा, कुणी त्यांना खाली बसवू नका, बोलू द्या त्यांना.

पुढच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी माइकवर सांगतो. ते विचारताहेत, "इत्ते साल कायकू चुप बैठे, मास्टर?"

याचं उत्तर मी घरून तयार करून आणलं होतं, फार चांगलं होतं. शाळेचं नाव, चौकशीची भीती, मुलीचं हित, सगळं त्यात होतं. ते बाजूला ठेवतो.

कुर्सी के लिए, राजेशमभाई. और कुछ नहीं.

अध्यक्षमहाराज, दिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ मी घेतला. सभापतींचे, देशमाने मॅडमचे, हॉल दिल्याबद्दल विणकर मंडळाचे, आणि सकाळपासून राबणाऱ्या मुलामुलींचे मी शाळेच्या वतीने मनापासून आभार मानतो. आयोजनात, बसण्याच्या व्यवस्थेत, माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर आपण मोठ्या मनाने पदरात घ्यावं. हे मी या सभागृहाला म्हणतोय. बाईंना, स्वरूपाला आणि राजेशमभाईंना असं काही म्हणायचा मला अधिकार नाही, म्हणून म्हणत नाही.

शाल-श्रीफळ माझ्या हस्ते आहे असं पत्रिकेत छापलंय. ते मॅडमनी द्यावं, अशी विनंती. त्यानंतर बाई बोलतील. काय बोलतील ते मला ठाऊक नाही. मी खाली, समोर बसून ऐकतो.

नमस्कार.